चित्र कुठल्या शतकातलं? विचारा चित्रालाच!

जपानमधल्या केइओ विद्यापीठात शिगेरू वातानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कबुतरांना चित्रं पाहायला शिकवलं. काही कबुतरांना क्लोद मोनेचं चित्र दिसलं की चोच मारल्यावर दाणे मिळत. पिकासोचं चित्र दिसलं तर कितीही चोची मारल्या तरी काही मिळत नसे. बाकीच्या कबुतरांसाठी नियम नेमका उलटा. सरावाने कबुतरं दोघांना वेगळं काढू लागली. इथवर फारसं नवल नाही, कारण ठरावीक चित्रं पाठ झाली असं म्हणता येईल. पण मग त्यांच्यासमोर या दोघांची आधी कधीच न दाखवलेली चित्रं आली, आणि कबुतरांनी तीही ओळखली. एवढंच नाही, मोने शिकलेली कबुतरं सेझान आणि रेन्वार यांच्या चित्रांवर चोच मारू लागली, आणि पिकासो शिकलेली ब्राक आणि मातीस यांच्या. चित्रं उलटी दाखवली तेव्हा मोने ओळखताना त्यांचा गोंधळ उडाला, पिकासो ओळखताना मात्र उडाला नाही. हा शोधनिबंध १९९५ साली प्रसिद्ध झाला.

या प्रयोगाने मी अजूनही थक्क होतो. ज्या पाखराला फ्रान्स कुठे आहे हे ठाऊक नाही, एकोणिसावं शतक म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याला मोने आणि रेन्वार यांच्यातला सारखेपणा दिसतो! याचा अर्थ शैली ही खरोखरच कॅनव्हासवर असते. रंगात, कडांमध्ये, उजेडात, फटकाऱ्यांच्या लांबी-रुंदीत ती असते आणि पाहणाऱ्या डोळ्याला सापडते. कलेच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं वाचली नाहीत म्हणून युरोपच्या चित्रांपुढे बावरून जायचं काही कारण नाही.

शिवाय शैली ओळखण्याचं हे काम आपल्याकडचे रसिक कानांनी करतच असतात. रेडिओवर गाणं मध्येच लागलं, निवेदकाने नाव सांगितलेलं नसलं, तरी दोन-चार आवर्तनांत ‘हा किराणा’ किंवा ‘हे जयपूरचं’ असं म्हणणारी माणसं मिरजेला, कोल्हापूरला, पुण्याला भेटतात. स्वर लावण्याची तऱ्हा, बढत करण्याची चाल, तानेची ठेवण यांवरून त्यांना ते कळतं. घराण्यांची लक्षणं त्यांनी घोकलेली नसतात. त्यांनी भरपूर ऐकलेलं असतं, आणि मुख्य म्हणजे एक गाणं मनातल्या मनात दुसऱ्याच्या शेजारी ठेवून ऐकलेलं असतं. चित्रांची शैली ओळखण्याची किल्लीही या शेजारी ठेवण्यातच आहे.

दोन चित्रं शेजारी शेजारी

हाइनरिख व्योल्फलिन हा स्विस कला-इतिहासकार व्याख्यान देताना भिंतीवर दोन प्रोजेक्टरांनी दोन चित्रं शेजारी शेजारी दाखवत असे. एकट्या चित्राकडे पाहिलं की आपण त्यातली गोष्ट पाहतो: कोण बसलंय, कोण रडतंय, कोण कुणाला मारतंय. त्याच विषयाचं दुसरं चित्र शेजारी आलं की गोष्ट दोन्हीकडे सारखीच असल्यामुळे बाजूला पडते, आणि ती सांगण्याची रीत डोळ्यांत भरते. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने या तुलनेचं शास्त्र केलं. आपणही तसंच करून पाहू.

विषय घेऊ येशू ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाचा. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री बारा शिष्यांबरोबर तो जेवायला बसला, तो प्रसंग. पहिलं चित्र लिओनार्दो दा विंचीचं. मिलान शहरातल्या सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या भोजनगृहातलं हे भित्तिचित्र १४९५ ते १४९८ च्या सुमाराचं आहे. लांबी सुमारे ८.८ मीटर, उंची सुमारे ४.६ मीटर. दुसरं चित्र तिंतोरेत्तोचं, व्हेनिसच्या सान जॉर्जो माज्जोरे चर्चमधलं, १५९२ ते १५९४ या काळातलं. दोन्हींत शंभर वर्षांचंही अंतर नाही.

लिओनार्दोचं टेबल पाहा. ते चित्राच्या खालच्या कडेला समांतर, डावीकडून उजवीकडे सरळ गेलेलं आहे. सगळे जण टेबलाच्या एकाच बाजूला बसलेत. शिष्यांचे तीन-तीनांचे चार गट आहेत, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. मधोमध ख्रिस्त, दोन्ही हात पसरलेले, त्यामुळे त्याच्या देहाचा आपोआप त्रिकोण झालेला. छताच्या आणि भिंतींच्या मागे धावणाऱ्या रेषा मनात पुढे वाढवल्या तर त्या सगळ्या त्याच्या मस्तकापाशी मिळतात. चित्राची दुरुस्ती करताना त्याच्या कानशिलापाशी खिळ्याचं एक छिद्र सापडलं. यथादर्शनाच्या रेषा आखायचा केंद्रबिंदू तिथेच होता. डोक्यामागे तेजोवलय काढलेलं नाही. मागच्या खिडकीतला उजेडच ते काम करतो. शिष्यांपैकी एक जण दगा देणार, हे ख्रिस्ताने नुकतंच सांगितलंय आणि सगळ्या टेबलावर खळबळ उडालीय. पण त्या खळबळीतही कुठलाही एक गट चौकट लावून वेगळा काढला तर तो स्वतःपुरतं पूर्ण चित्र होईल. प्रत्येक हात, प्रत्येक चेहरा आपापल्या जागी स्पष्ट आहे.

आता तिंतोरेत्तो. इथे टेबल तिरकं आहे. डावीकडून आपल्या पायांशी सुरू होतं आणि अंधारात आत आत खेचत नेतं. ख्रिस्त मध्यभागाजवळच आहे, पण बराच आत आणि लहान. त्याच्या डोक्याभोवतीचं तेज नसतं तर त्याला शोधावं लागलं असतं. पुढे ऐन नजरेत कोण? तर ताटं-वाट्यांची उठाठेव करणारे नोकर-चाकर आणि टोपलीत डोकावणारं एक मांजर. वर डावीकडे टांगलेला दिवा भडकलेला आहे, त्याचा धूर वळसे घेत वर जातो, आणि नीट पाहिलं तर त्या धुरातूनच देवदूत साकार झालेले दिसतात. अर्धवट चेहरे, काळोखात बुडालेले खांदे, उजेडाने नुसत्या उजळलेल्या कडा. यातला एकही माणूस वेगळा काढता येत नाही. काढला तर तो अंधाराचा तुकडा होऊन हातात येईल.

व्योल्फलिनने त्या ग्रंथात मांडलेले पाच भेद या दोन चित्रांतून सहज हाती लागतात. आकारांच्या कडा रेघ ओढल्यासारख्या आहेत, की सावलीत विरघळल्यात? माणसं पडद्यासारख्या एका पातळीत बसलीत, की चित्र आत खोल धावतंय? चौकटीत सगळं नेमकं मावलंय, की चौकटीबाहेरही काही चालू असावं असं वाटतंय? भाग सुटे सुटे पूर्ण आहेत, की सगळं मिळून एकच लाट आहे? सगळं सारखं स्पष्ट आहे, की उजेड निवडून निवडून पडलाय? पहिल्या बाजूची उत्तरं जास्त आली तर आपण बहुधा प्रबोधनकाळाच्या ऐन बहरात आहोत. दुसऱ्या बाजूची आली तर बरोक काळात, किंवा तिंतोरेत्तोसारखे त्याच्या उंबरठ्यावर.

शैली अशी का बदलते, याचाही माग चित्रात लागतो. लिओनार्दोचं चित्र भिक्षूंच्या जेवणघरात, रोज समोर बसून शांतपणे पाहण्यासाठी होतं. तिंतोरेत्तोचं वेदीजवळच्या भिंतीवर, भाविक प्रसाद घ्यायला जातात तिथे लावायचं होतं. मधल्या काळात प्रोटेस्टंट बंडाने युरोप दुभंगला होता. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली ठरवलं होतं, की चित्रांनी सामान्य माणसाला धर्म शिकवावा आणि त्याच्या मनात भक्ती जागवावी. चित्राने पाहणाऱ्याला हात धरून आत ओढावं, ही आता चर्चची गरज झाली होती.

दगडातही हाच फरक दिसतो. मायकेलअँजेलोने १५०१ ते १५०४ या काळात फ्लॉरेन्समध्ये घडवलेला डेव्हिड पाच मीटरांहून उंच आहे आणि स्थिर उभा आहे. गोफण खांद्यावर, नजर दूरच्या शत्रूवर. युद्ध अजून व्हायचंय. बर्निनीचा रोममधला डेव्हिड १६२३–२४ चा आणि माणसाएवढाच. त्याचं अंग पिळवटलंय, ओठ घट्ट दाबलेत, दगड सुटण्याच्या बेतात आहे. पहिल्याला आपण समोरून पाहतो. दुसऱ्याभोवती फिरावंच लागतं.

कानाच्या पाळीवरून चित्रकार

काळाची शैली ओळखता आली की तिच्या आत आणखी एक थर असतो, तो म्हणजे एकेका चित्रकाराच्या हाताचा. त्याचा माग काढण्याची अफलातून युक्ती एकोणिसाव्या शतकात जोव्हानी मोरेल्ली या इटालियन गृहस्थाने मांडली. त्याचं शिक्षण वैद्यकाचं, त्यामुळे शरीराच्या अवयवांकडे बारकाईने पाहायची सवय. तो म्हणाला, चेहऱ्यावरचे भाव आणि एकूण मांडणी यांवर जाऊ नका. तिथे चित्रकार सावध असतो आणि शिष्यही गुरूची नक्कल तिथेच करतो. कान पाहा, बोटांची नखं पाहा. अशा दुय्यम जागी हात सवयीने चालतो आणि प्रत्येकाची सवय वेगळी असते.

ड्रेस्डेनच्या संग्रहालयात निद्रिस्त व्हीनसचं एक चित्र होतं. तितियानच्या मूळ चित्रावरून सास्सोफेर्रातोने केलेली ही नक्कल असावी, असं तिथे मानलं जात असे. मोरेल्लीने सांगितलं, हे तर जॉर्जोनेचं हरवलेलं मानलेलं चित्र! आज ते १५१० च्या सुमारास जॉर्जोनेने रंगवलेलं आणि तितियानने पूर्ण केलेलं म्हणून जगभर ओळखलं जातं. मोरेल्लीची पद्धत प्रत्येक वेळी अचूक ठरली असं नाही, पण चित्रातल्या बिनमहत्त्वाच्या कोपऱ्यांकडे पाहायला तिने शिकवलं. पुढे फ्रॉइडनेही तिची दखल घेतली.

सतरा वर्षांत दुसरं जग

शतक उलटल्यावरच शैली बदलते असंही नाही. लंडनच्या वॉलेस संग्रहात फ्रागोनारचं ‘झोका’ हे १७६७ च्या सुमाराचं चित्र आहे. फेसासारखी झाडी, मधोमध झोक्यावर गुलाबी घेरदार झग्यातली तरुणी, तिच्या पायातून उडालेली सपात हवेतच, आणि झुडपात पहुडलेला प्रियकर. सगळ्या रेषा वळणदार, रंग हलके, कुंचला नाचरा. हा रोकोको. आता पॅरिसच्या लूव्हरमधलं झाक-लुई दाविदचं ‘होरेशियस बंधूंची शपथ’ पाहा, १७८४ चं. मागे तीन कोऱ्या कमानी. डावीकडे हात पुढे करून उभे असलेले तीन भाऊ, मध्ये तलवारी उंचावलेला बाप, उजवीकडे शोकाने खचलेल्या बायका. प्रत्येक आकृती मूर्तीसारखी कोरीव, पार्श्वभूमी जवळजवळ रिकामी, शोभेची एक पाकळीही नाही. हा नवअभिजातवाद. मधली वर्षं फक्त सतरा!

पहिलं चित्र सरदार-दरबाऱ्यांच्या दिवाणखान्यासाठी होतं. दुसऱ्यात नागरिकाचं कर्तव्य, त्याग आणि प्राचीन रोम होता, आणि पाच वर्षांनी फ्रान्समध्ये क्रांती झाली. त्या क्रांतीत फ्रागोनारचे आश्रयदाते उरले नाहीत. तेव्हा लूव्हरच्या नव्या संग्रहालयात त्याला काम मिळवून द्यायला मदत केली ती दाविदनेच. दोन शैली इतक्या वैरी दिसाव्यात आणि दोन माणसं एकमेकांना धरून असावीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

निळ्या सावल्या

आणखी ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी काढलेलं मोनेचं ‘मॅगपाय’ हे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. बर्फाने भरलेलं आवार, लाकडी फाटक, त्यावर बसलेला एक काळा-पांढरा पक्षी. पण पाहायची ती कुंपणाची सावली. ती काळी किंवा करडी नाही. निळसर जांभळी आहे. उन्हातल्या बर्फावर पडलेल्या सावलीत आभाळाचा निळा उतरतो, आणि मोनेने जे दिसलं तेच लावलं. १८६९ च्या सालोंने, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाने, हे चित्र नाकारलं. आज त्याच सावलीवरून आपण इम्प्रेशनिझमची चाहूल ओळखतो. तैलचित्राजवळ गेल्यावर चेहरे आणि झाडं नाहीशी होऊन नुसते रंगाचे सुटे फटकारे उरले, आणि चार पावलं मागे आल्यावर ऊन पडलं, तर समजावं की आपण १८७० च्या आसपास किंवा पुढे आहोत.

या बदलामागे एक साधी वस्तूही होती. पूर्वी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. पिशवी टोचून रंग काढला की उरलेला वाळू लागे. १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने फिरकीच्या झाकणाची कथलाची ट्यूब आणली. तैलरंग खिशात घालून शेतात, नदीकाठी, बर्फात बसून चित्र पुरं करणं सोपं झालं.

पुढच्या पायऱ्या भराभर येतात. सेझानने डोंगर आणि सफरचंदं रंगांच्या घट्ट पट्ट्यांनी बांधली. पिकासो आणि ब्राक यांनी वस्तू एकाच वेळी अनेक बाजूंनी पाहून तिचे पैलू पाडले. १९१० ते १९१२ च्या सुमाराची दोघांची चित्रं इतकी सारखी आहेत, की कोणतं कुणाचं हे सांगताना भल्याभल्यांची पंचाईत होते. ते दोघे त्या काळात बऱ्याचदा चित्राच्या दर्शनी बाजूवर सहीही करत नसत.

डोळ्याला शिकवायचं कसं?

इथे मानसशास्त्राची चांगली मदत होते. नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना १२ चित्रकारांची निसर्गचित्रं दाखवली. काही चित्रकारांची चित्रं एकापाठोपाठ एक सलग आली, बाकीच्यांची एकमेकांत मिसळून. नंतर न पाहिलेली चित्रं दाखवून ‘हे कुणाचं?’ विचारलं. मिसळून पाहिलेले चित्रकार लोकांनी जास्त चांगले ओळखले. गंमत म्हणजे, सलग पाहूनच आपण जास्त शिकलो, असं बहुतेकांना वाटत होतं! सलग पाहताना ओळख सोपी वाटते आणि ते सोपेपण आपल्याला फसवतं. मिसळून पाहताना प्रत्येक वेळी ‘मघाच्यापेक्षा हे वेगळं का?’ हा प्रश्न पडतो, आणि त्या प्रश्नातच शिकणं होतं.

म्हणून आज बरोक, उद्या रोकोको असं वेळापत्रक करू नका. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमसारखी मोठी संग्रहालयं आपली चित्रं इंटरनेटवर उत्तम दर्जात फुकट पाहू देतात. वेगवेगळ्या काळांतली चित्रं एकत्र करा, नावं आणि सालं झाका, अंदाज बांधा, मग झाकण काढा. अंदाजाबरोबर कारणही बोला: ‘उजेड एकाच बाजूने येतोय आणि मागे काळोख आहे, म्हणून बरोक काळातलं.’ कारण बोललं की चूक झाली तरी ती कुठे झाली हे कळतं.

प्रत्यक्ष पाहायचं तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं आहेत. जुन्या गोव्यात बॉम जेझूस बासिलिकेत तर याहून दुर्मीळ धडा आहे. संत फ्रान्सिस झेवियरची समाधी फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराने घडवली. तस्कनीचा ड्यूक कोसिमो तिसरा याने ती भेट दिली आणि १६९८ साली ती गोव्यात उभी राहिली. खाली रंगीत दगड आणि ब्राँझच्या तसबिरी, अगदी बरोक इटलीतल्या. त्यांच्यावर संताचा देह ठेवलेली चांदीची पेटी आहे, ती मात्र त्याआधीच गोव्याच्या कारागिरांनी घडवलेली. खालच्या ब्राँझमधली उसळती गर्दी आणि वरच्या चांदीतली छोट्या छोट्या चौकटींतली नीटस दृश्यं आळीपाळीने पाहा. दोन जगं एकावर एक ठेवलेली आहेत.

आपल्या काळाचा रंग

शैलीच्या ताकदीचा सर्वांत मोठा पुरावा एका बनावट चित्राने दिला. हान फान मेगेरेन या डच चित्रकाराने सतराव्या शतकातल्या जुन्या कॅनव्हासवर ‘एमाउसचं भोजन’ रंगवलं आणि ते त्याच शतकातल्या वर्मीर या डच चित्रकाराचं म्हणून पुढे केलं. रंग जुना, कडक वाटावा म्हणून त्यात बेकेलाइटसारखं रसायन मिसळलं. १९३७ साली अब्राहम ब्रेडियस या नामवंत जाणकाराने ते वर्मीरचं अस्सल चित्र म्हणून गौरवलं, आणि रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयासाठी ते पाच लाखांहून जास्त गिल्डर मोजून घेतलं गेलं. महायुद्धानंतर, नाझी नेता गोरिंग याच्याकडे गेलेल्या दुसऱ्या एका ‘वर्मीर’मुळे फान मेगेरेनला अटक झाली, तेव्हा त्याने कबूल केलं की ही चित्रं आपलीच. ते पटवून द्यायला त्याला पहाऱ्यात आणखी एक ‘वर्मीर’ रंगवून दाखवावं लागलं.

आज ते चित्र पाहिलं की प्रश्न पडतो, तेव्हा लोक फसले कसे? जड पापण्या, बसलेले गाल. हे चेहरे तर १९३० च्या दशकातल्या सिनेमातले! पण १९३७ साली ते कुणाच्या डोळ्यावर आले नाहीत, कारण पाहणारेही त्याच दशकातले होते. स्वतःच्या काळाची शैली माणसाला शैली वाटत नाही, ती त्याला ‘असंच तर दिसतं’ असं वाटते. लिओनार्दोलाही तसंच वाटलं असणार, फ्रागोनारलाही.

म्हणूनच हा छंद मला केवळ संग्रहालयात मिरवण्याचा वाटत नाही. पाहण्यालाही इतिहास असतो, हे तो शिकवतो. आज आपण मोबाइलवर काढतो ते फोटो, पाहतो त्या जाहिराती, सिनेमाची पोस्टरं यांतही आपल्या काळाची ठेवण आहे, आणि पन्नास वर्षांनी कुणीतरी एका नजरेत ती ओळखणार आहे. आपल्याला ती आजच थोडीफार दिसावी असं वाटत असेल, तर आधी दुसऱ्यांच्या काळांवर डोळा तयार करायला हवा. त्याला दोन चित्रं पुरतात: विषय एक, मध्ये शंभर वर्षं, नावं झाकलेली. सुरुवात ‘उजेड कुठून येतोय?’ या प्रश्नाने करा. बाकीचे प्रश्न तुमचे डोळे स्वतःच विचारू लागतील.